फळ्यापर्यंत पोहोचलेले मूल

पालकहो, बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी ते उचलायला धाव घेतली. आज तसे डबे कोणी उचलत नसेल. पण मागच्या बाकावरचे आपले मूल फळ्यापर्यंत जाते का?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम केले. 1980 च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठीही उपक्रम राबवला. त्यातून दिसले ते असे, की मुलांची बुद्धी कमी नव्हती. आड येत होती ती पुस्तकातील अवघड भाषा आणि वर्गात बोलण्याची न लागलेली सवय.

म्हणूनच विज्ञान-गणिताच्या शिक्षकांचे प्रशिक्षण म्हणजे नुसते भाषण नव्हे. तेथे शिक्षकाने स्वतः विद्यार्थी व्हावे, हाताने प्रयोग करावा, चुकावे. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे, गटात चर्चा होऊ द्यावी, चुकीचे उत्तरही फळ्यावर लिहून मुलांकडूनच तपासून घ्यावे.

बोर्ली पंचतनसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. उधाण कधी आणि भांग कधी, हे कोळ्याच्या पोराला घरीच कळते. गुरुजींनी एवढेच विचारावे, "आज भरती किती वाजता आली? काल किती वाजता होती?" मुलांनी आठवडाभर वेळा लिहिल्या, की भरती रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा येते हे त्यांचे त्यांनाच उमगेल. मग सहा दिवसांत 300 मिनिटे, म्हणजे 5 तास! आज सकाळी 6 ला भरती असेल, तर सहा दिवसांनी साधारण 11 ला. असे का? पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला तेवढा वेळ जास्त लागतो. गुणाकार आणि खगोलशास्त्र एकाच तासात!

मात्र एका शिबिराने शिक्षक बदलत नाही. केंद्रशाळेत शिक्षकांनी पुन्हा पुन्हा एकत्र बसून आपल्या अडचणी मांडल्या पाहिजेत. आणि पालकांनीही शाळेत जाऊन मुलाचे गुण तर विचारावेतच, पण एक प्रश्न जास्त विचारावा, "गुरुजी, आमची मुलगी वर्गात बोलते का? शेवटची फळ्याजवळ कधी गेली होती?"