सरहद्दीवर पर्स सांभाळताना

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. तहसील कचेरीतला दाखला असो की एसटी स्टँडवरची रात्रीची रिक्षा, माणूस अडला की समोरचा भाव वाढवतो. परक्या देशाच्या सीमेवर तर आपण चहूबाजूंनी अडलेले असतो. भाषा येत नाही, नोटा ओळखीच्या नाहीत, त्यात बस निघून जाईल ही धास्ती!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी व्हिएतनामला जाऊन येतात. तिथवर गेल्यावर शेजारच्या कंबोडियातलं अंकोर वाट बघावंसं वाटणं साहजिकच. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या भिशीतल्या पाचजणी अशाच निघालो. थायलंडहून पॉइपेटमार्गे जाणारा रस्ता पूर्वी प्रवाशांच्या सवयीचा होता. पण जून २०२५ मध्ये दोन देशांतल्या तणावामुळे थायलंडने त्या सीमा पर्यटकांना बंद केल्या आणि पुढे लढाईही झाली. त्यामुळे मी सांगतेय तो व्हिएतनामकडून जाणारा रस्ता.

हो ची मिन्ह शहरातल्या फाम न्गू लाओ रस्त्याच्या परिसरातून नॉम पेन्हला थेट बस मिळतात. साधारण सत्तर किलोमीटरवर व्हिएतनामचं मोक बाय नाकं लागतं आणि पलीकडे कंबोडियाचं बावेत. सगळा प्रवास सहा-सात तासांचा. थेट बसचंच तिकीट काढावं. नाक्यापर्यंतच गेलात तर पुढे टॅक्सीवाले सांगतील तो भाव.

खरी मेख व्हिसाची. बस निघाली की मदतनीस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो. ज्यांच्याकडे कंबोडियाचा व्हिसा नाही, त्यांच्याकडून तो काढून देण्याचे पैसे घेतो. पर्यटक व्हिसाची सरकारी फी तीस डॉलर. आमच्या बसमध्ये चाळीस मागत होते. म्हणून व्हिसा घरूनच काढावा. खरी साइट एकच, 'ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट केएच'. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात. व्हिसाच्या दोन प्रती छापून घ्या, एक जाताना लागते, एक परतताना.

आणखी एक. परतीचं विमान व्हिएतनामहून असेल, तर व्हिएतनामचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचे पंचवीस डॉलर, अनेक प्रवेशांचे पन्नास. इथे पंचवीस वाचवायला जाल आणि परतताना नाक्यावर अडकाल.

आमच्याकडे सगळे कागद होते, तरी मदतनीस म्हणालाच, "शिक्क्याचे दोन-दोन डॉलर." म्हणजे पाचजणींचे आठशे रुपये! आमच्यातल्या एका काकूंनी हसतच एवढंच विचारलं, "रिसीट?" तो पुढच्या सीटकडे वळला. ना भांडण, ना आरडाओरडा. पैसे कशाचे आणि पावती कुठे, हे दोन प्रश्न तोडक्यामोडक्या इंग्रजीतही चालतात. पासपोर्ट त्याच्याकडे द्यावाच लागतो, पण झेरॉक्स आपल्या पर्समध्ये ठेवा आणि खिडकीवरचं काम होताच पासपोर्ट मागून घ्या.

नोटांचा गोंधळ तर विचारू नका. व्हिएतनामची वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच! आम्ही दोन वेगळे कप्पे केले होते. कंबोडियात डॉलर चालतो, पण फाटकी किंवा मळकी नोट कुणी घेत नाही. एक आणि पाच डॉलरच्या कोऱ्या नोटा जवळ असू द्या; मोठी नोट दिली की सुटे नाहीत, हे उत्तर ठरलेलं. एका डॉलरचे साधारण चार हजार रिएल होतात, हेही लक्षात असू द्या. रिक्षावाला नुसतं "पाच" म्हणाला, तर पाच काय, आणि माणशी की गाडीचे, हे बसण्याआधी विचारा. नॉम पेन्हमध्ये ग्रॅबचं ॲप वापरलं की ही कटकट उरत नाही.

मात्र घासाघीस करताना समोरच्याचं पोटही आठवावं. उन्हात बॅगा उचलणाऱ्या पोराला ठरलेली मजुरी हसून द्यावी. हक्काचे पैसे वेगळे आणि अडवणुकीचे वेगळे.

बावेत हे कॅसिनोंचं गाव. तिथे रेंगाळू नका. समाजकार्य करताना मला याहून मोठी काळजी वाटते ती आपल्या मुलांची. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या सुमारे अडीचशे भारतीयांची सुटका झाल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं होतं. दहा डॉलर परत कमावता येतात. पण नोकरीचं आमिष दाखवून पर्यटक व्हिसावर कुणी पोराला न्यायला निघालं, तर तिथेच हात धरा.

तेव्हा मैत्रिणींनो, घाबरून घरी बसू नका. कागद घरून न्या, सुटे पैसे जवळ ठेवा आणि विचारायला लाजू नका. भाजीवालीशी हिशेब करणारी आपली जीभ सरहद्दीपलीकडेही तितकीच चालते!