गोल्फला कॉलर कशाला हवी?

भोर-वेल्ह्यात गोल्फचं मैदान नाही, पण खेळ आवडतो म्हणून लिहितोय.

गोल्फच्या मूळ नियमावलीत कॉलरचा टीशर्ट, खोचलेला शर्ट असं काही लिहिलेलं नाही. ते क्लबांचे नियम. बुटांचं मात्र पटतं. धातूचे खिळे हिरवळ उकरतात, पुढच्याचा चेंडू भरकटतो. म्हणून बहुतेक ठिकाणी मऊ खिळ्यांचेच बूट चालतात. कॉलर नसल्यानं गवताचं काय बिघडतं?

असे नियम माणसांनाच अडवतात. मुंबईचा विलिंग्डन क्लब तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भारतीय आणि इंग्रज, दोघांसाठी काढला. तिथे गोल्फचं मैदानही आहे. 1988 मध्ये याच क्लबानं चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नाही. तमिळनाडूत एका न्यायमूर्तींना वेष्टीमुळे, म्हणजे तिकडच्या धोतरामुळे, क्लबानं अडवलं, तेव्हा सरकारनं 2014 मध्ये असं अडवण्याविरुद्ध कायदाच केला.

कपड्यांनी काही अडत नाही. आमच्याकडे ताक विकणाऱ्या मावशी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, डोक्यावर ताकाची घागर घेऊन राजगडाची पाली दरवाज्याची वाट चढतात. महागडे ट्रेकिंग बूट घातलेले मागे धापा टाकत येतात. मैदानावर बुटांचा नियम ठेवा. बाकी कपडे खेळणाऱ्यावर सोडा. धोतर नेसून कुणी नीट स्विंग मारत असेल तर त्याला खेळू द्यायलाच हवं.