बीजभक्षी पक्ष्यांचा आहार

पक्ष्यांचे बीजभक्षी, कीटकभक्षी, फलभक्षी इत्यादी वर्ग मुख्यतः प्रौढ पक्ष्याच्या नेहमीच्या खाद्यावरून व त्यास अनुरूप अशा चोचीवरून पाडलेले आहेत. एखादा पक्षी बीजभक्षी आहे एवढ्यावरून बी हाच त्याचा परिपूर्ण आहार होय, असा निष्कर्ष काढणे मात्र युक्त नव्हे. पाळीव पक्ष्यांच्या बाबतीत ही समजूत प्राणघातकही ठरते.

बजरीगर या पोपटाचे उदाहरण घ्यावे. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील. जॉन गूल्ड याने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडात नेला. आपल्या बाजारात तो 'लव्हबर्ड' या चुकीच्या नावाने विकला जातो. स्वदेशात तो थव्याने दूरदूर भटकून नानाविध गवतांचे बी टिपतो. पिंजऱ्यात त्याच्यापुढे बहुधा राळा नाही तर बाजरी, एवढेच येते.

बी म्हणजे अंकुरासाठी साठविलेली शिदोरी. राळ्यात पिष्टमय, तर सूर्यफुलाच्या बियांत स्निग्ध द्रव्य विपुल असते. परंतु दोहोंत कॅल्शियम स्फुरदाच्या मानाने अत्यल्प असून 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. या जीवनसत्त्वाच्या अभावी मुखातील व श्वसनमार्गातील अंतस्त्वचा कठीण बनून तेथे रोगजंतूंचा शिरकाव सुलभ होतो. कॅल्शियमच्या अभावी मादीचे अंडे अडते. आणि आयोडीन न मिळाल्यास बजरीगराची अवटू ग्रंथी सुजून श्वासनलिकेवर दाब येतो.

यावर धान्यास जीवनसत्त्वाची पूड चोळण्याचा उपाय फारसा फलदायी होत नाही. कारण हा पक्षी प्रत्येक दाणा सोलून खातो व पूड टरफलाबरोबर टाकून देतो. हीच टरफले वाटीत साचल्याने ती भरलेली दिसते आणि पक्षी मात्र उपाशी राहतो.

अंगणात येणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व वेगळ्या रूपाने दिसते. चिमणी व सुगरण हे प्रौढपणी धान्य खाणारे पक्षी. तथापि आपल्या पिलांना ते प्रारंभी मुख्यत्वे अळ्या व कीटक भरवितात, कारण वाढत्या शरीरास लागणारी प्रथिने केवळ धान्यातून मिळत नाहीत. म्हणून ज्या बागेत फवारणीने कीटक नष्ट झाले, तेथे मूठभर तांदूळ टाकल्याने पिलांची उणीव भरून निघत नाही.

सारांश, धान्य हा आहाराचा एक भाग मानून पिंजऱ्यातील पक्ष्यास त्याच्या जोडीला गाजर, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, समुद्रफेन व आयोडीनचा पुरवठा द्यावा. आणि अंगणातील पक्ष्यांसाठी दाण्यांइतकीच, कीटकांना आश्रय देणारी देशी झाडेझुडपे राखावीत.