आजारपणाच्या रकान्याकडे कोण बघणार?

१० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिनाची व्याख्यानं झाली. बोलणं झालं ते शेतकऱ्यांबद्दल आणि परीक्षेच्या ताणाबद्दल. ते व्हायलाच हवं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (‘एनसीआरबी’चा) २०२२चा तक्ता पाहिला, तर १,७०,९२४ आत्महत्यांमध्ये कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल कारण आहे आजारपण, १८.४ टक्के. म्हणजे एकतीस हजारांहून अधिक माणसं. परीक्षेतलं अपयश १.२ टक्के. तरी ‘आजाराला कंटाळून’ एवढं छापून आपण विषय मिटवतो, जणू पुढे विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, हा रकाना पोलीस भरतात. नातेवाईक सोयीचं कारण सांगतात आणि त्यात मानसिक आजारही मोजले जातात. आक्षेप रास्त आहे. टक्केवारीवर डोळे मिटून विसंबू नये. पण पोलिसांच्या नोंदीशी काही संबंध नसलेला पुरावाही आहे. स्वीडनमधल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या १९९१ ते २००६ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१२मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. कॅन्सरचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्यांच्या १२.६ पट होता, पहिल्या बारा आठवड्यांत ४.८ पट, पहिल्या वर्षात ३.१ पट. मूळ धोका कमी असल्यामुळे प्रत्यक्ष मृत्यू थोडेच होते आणि बहुसंख्य रुग्ण या वाटेला जात नाहीत, हेही लगेच सांगायला हवं. पण या उतरत्या आकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या आठवड्यात शरीर अजून फारसं खचलेलं नसतं, उपचार जेमतेम ठरत असतात. तेव्हा घाव घालते ती बातमी, आणि ती सांगण्याची पद्धत. ‘असाध्य रोग झालेल्या माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय’ ही समजूत इथेच डळमळते. उपचार लागू पडतो का, हे कळण्याआधीच ज्याने टोक गाठलं, त्याने विचार तरी कशाचा केला?

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा : खरं कारण नैराश्य, ते मनोविकारतज्ज्ञांनी पाहावं. पण नैराश्य बऱ्याचदा दुखऱ्या शरीराच्याच मागून येतं. रात्रभर न थांबणारी कळ, उडालेली झोप, औषधांचं बिल आणि आपण घरच्यांवर भार झालो ही बोचणी. असा माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो जातो हाडांच्या, छातीच्या, कॅन्सरच्या ओपीडीत. तिथे ‘झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का’ असं सरळ विचारल्याने भलतंच डोक्यात भरेल, ही भीती निराधार आहे. अशा प्रश्नाने माणूस उलट मोकळा होतो. वेदनेवर औषधही आहे. आपल्याच मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन मिळतं आणि २०१४च्या कायदादुरुस्तीने त्याचे परवानेही सोपे झाले. तरी कळवळणाऱ्या असंख्य रुग्णांपर्यंत ते पोहोचत नाही. केरळने २००८मध्ये धोरण आखून वेदनाशमन सेवा गावपातळीवर नेली. महाराष्ट्राला ते जमू नये, याला माझ्या मते अनास्थेपलीकडे सबब नाही.

घरात कुणाला नुकतंच मोठं निदान झालं असेल, तर पहिले काही आठवडे त्यांना एकटं ठेवू नका, दुखणं अंगावर काढू देऊ नका. ते किंवा तुम्ही स्वतः खचत असाल, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे.