बंगल्यामागच्या माणसांची विनोदी चित्रे

विलायतेतली रीत

व्हिक्टोरिया राणीच्या काळात घरी नोकर असणे ही मध्यमवर्गीय प्रतिष्ठेची खूण होती. १८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील घरनोकर दहा लाखांहून अधिक भरले. त्यात बायकाच जास्त होत्या. १८४१ साली लंडनला निघालेल्या 'पंच' साप्ताहिकात जॉन लीच या चित्रकाराने त्यांच्यावर चित्रमालाच काढली. मालकिणीसारखी नटूनथटून मिरवणारी मोलकरीण हा त्यातला ठरलेला विनोद.

मुंबई इलाख्यातले पुस्तक

नोकरांच्या अशा विनोदी चित्रांचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे 'बिहाइंड द बंगलो' (१८८९). लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. ते जकात व मीठ खात्यात अधिकारी होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीही ते एक. पुस्तकातले लेख आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले. चित्रे एफ. सी. मॅक्रे यांची आहेत.

चित्रांत कोण आहे?

बॉय, बटलर, स्वयंपाकी डोमिंगो, हमाल, घोडेवाला, धोबी, आया, माळी, भिस्ती, शिंपी आणि न्हावी. इलाख्यात साहेबाच्या खासगी नोकराला वय कितीही असले तरी 'बॉय'च म्हणत. धोबी दगडावर आपटून कपडे फाडतो, ही साहेबाची जुनी तक्रार इथे रंगवली आहे. विशेष म्हणजे, साहेबाला देशी भाषा शिकवणाऱ्या पंडितालाही याच नोकरांच्या रांगेत बसवले आहे.

इतके नोकर कशाला?

कामे जातीनुसार वाटलेली होती. पाणी भरणारा झाडू धरत नसे, झाडणारा ताटाला हात लावत नसे. गोमांस, डुकराचे मांस आणि मद्य यांना हरकत नसल्यामुळे स्वयंपाकी आणि बटलर बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. विलायतेत घरकाम बायकांकडे होते, इथे आया सोडली तर बहुतेक पुरुषच.

हसणारे कोण?

ही चित्रे मालकांनी मालकांसाठी काढली. लंडनच्या चित्रात वर्गभेद होता, इथे त्यात वंशभेद आणि परक्या सत्तेचा तोरा मिसळला. एटकेन यांच्या लेखणीत जिव्हाळा आहे, निरीक्षण बारीक आहे. तरी नोकराची बाजू कोणी विचारलेली नाही. पगार, बायको-मुले, आजारपण, गावाकडचे घर यांतले फारच थोडे या चित्रांत उतरले आहे.

आज ती कशी पाहावीत?

अतिशयोक्ती बाजूला ठेवून अवजारे पाहावीत: भिस्त्याची पखाल, दिव्यांची निगा, व्हरांड्यात बसलेल्या शिंप्याचे काम. कष्टकऱ्यांच्या रोजच्या कामाची इतकी तपशीलवार नोंद त्या काळात क्वचितच झाली. म्हणून ही चित्रे जपली पाहिजेत. त्यांतला निवाडा मात्र मान्य करण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमदानीत बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण होते. साहेबांचे बंगले तिथेही होते. वरवट बकालसारख्या या जिल्ह्यातल्या गावांतून कोणाचे पणजोबा-खापरपणजोबा तिथे कामाला गेले असतील, तर त्यांचे नाव, काम आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी लिहून ठेवा. साहेबाची बाजू छापून झाली आहे, दुसरी बाजू आपणच लिहायची आहे.