सलाईन नसलेल्या हाताने

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वॉर्डात विचारा, ‘‘दुखतंय का रे?’’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘‘ठीक आहे.’’ लहान मूल रडून मोकळं होतं, मोठा माणूस तक्रार करतो. या वयातली मुलं मात्र आईला घोर नको, सिस्टरसमोर लाज नको आणि आणखी एक सुई तर नकोच, म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. वेदना शमवण्याचं काम इथेच अडतं, कारण जी वेदना डॉक्टरांना कळलीच नाही, तिच्यावर औषधाची मात्रा ठरवणार कशी? कलोपचार म्हणजे आर्ट थेरपी उपयोगी पडते ती नेमकी या ठिकाणी.

या उपचाराला नाव मिळालं तेही एका रुग्णाकडून. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षय होऊन इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला. क्षयावर तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. महिनोन् महिने पडून राहणं हाच उपचार. हिल खाटेवर पडल्या पडल्या चित्रं काढू लागला, पुढे इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढलं. १९४२ मध्ये त्याने ‘आर्ट थेरपी’ हे नाव वापरलं आणि १९४५ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं.

आता आजच्या वॉर्डात हे कसं चालतं ते पाहू. समजा, गडचिरोलीकडची पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिला सिकलसेल आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडं फोडून निघावीत अशी कळ उठते. बाहेरून पाहावं तर ना सूज, ना जखम. म्हणून ‘नाटक करते’ हेही या मुलांना ऐकावं लागतं.

अशा वेळी पहिला मान औषधाचा. वेदनाशामक, सलाईन, गरज पडली तर मॉर्फिन. कळ ऐन भरात असताना कोणी तिच्या हातात खडू देऊ नये. औषध लागू पडलं, उशीला टेकून बसता येऊ लागलं, की थेरपिस्टने यावं आणि आधी परवानगी मागावी. ‘‘आज रंगवायचं का? नाही म्हटलंस तरी चालेल, उद्या परत विचारीन.’’ मुलगी नाही म्हणाली तर खरोखर निघून जावं. रक्त काढणं, तपासणं, गोळ्या घेणं, यातलं काहीच तिला टाळता येत नसतं. दिवसभरात तिच्या ‘नाही’ला मान मिळतो तो इथे, आणि माझ्या मते उपचाराची सुरुवातही तिथूनच होते.

सामान साधंच, पण विचार करून निवडलेलं. उजव्या हाताला सलाईन असेल तर डाव्या हातानेही सहज उमटतील असे जाड तेलखडू. कागद सरकू नये म्हणून परीक्षेचं पॅड. थंडीने सिकलसेलची कळ पुन्हा उठू शकते, म्हणून जलरंगांसाठी पाणी कोमट. केमोथेरपी चालू असलेल्या मुलासाठी वेगळं भान लागतं: प्रतिकारशक्ती घटलेली असते, म्हणून दुसऱ्याने हाताळलेली माती किंवा रंगाचं सामाईक भांडं नको आणि मळमळ होते म्हणून वासाची स्केचपेन नकोत.

मग तिच्यासमोर एक कागद येतो. त्यावर माणसाच्या शरीराच्या दोन बाह्याकृती, एक पुढून, एक पाठीमागून. जोॲन ईलँड या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने मुलांच्या वेदनेसाठी ही पद्धत रुळवली. मुलाने चार रंग स्वतः निवडायचे: अजिबात न दुखण्याचा, थोड्या दुखण्याचा, जास्त दुखण्याचा आणि सर्वांत वाईट दुखण्याचा. लाल म्हणजे जास्त, असं आपण ठरवायचं नाही. आपली मुलगी जांभळा उचलते आणि खुब्यावर इतका जोर देऊन घासते की कागदावर खडूचा चुरा साठतो. कमरेवर त्याहून फिका रंग. ‘‘हे ठणकतंय, की आग होतेय?’’ ‘‘ठणकतंय. रात्री जास्त.’’ ‘ठीक आहे’ म्हणणारी मुलगी आता नेमकं सांगू लागलेली असते. एवढ्यात ती छातीवरही एक छोटा ठिपका देते, ज्याबद्दल सकाळच्या राऊंडला ती अवाक्षर बोललेली नव्हती. सिकलसेलमध्ये छातीत दुखणं ही धोक्याची खूण असते. थेरपिस्टने खडू तिथेच ठेवून डॉक्टरांना बोलवायचं.

सगळं ठाकठीक असेल तर पुढचा टप्पा. या दुखण्याला आकार दिला तर कसा दिसेल? मुलं काट्यांचे गोळे काढतात, कुत्री काढतात, नुसते रेघांचे गुंते काढतात. मग विचारायचं, याच्या शेजारी काय हवं? कोणी त्याभोवती कुंपण घालतं, कोणी त्याच्यावर निळा रंग ओततं. काय करायचं ते ठरवणारं मूलच असतं.

याने वेदना कमी का होते? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत सरळ पोहोचत नाही. मज्जारज्जूत तो कमीजास्त केला जातो आणि मेंदूही वरून त्यावर अंमल चालवतो. भीती, जागरण, एकटेपणा यांनी संदेश तीव्र होतो. लक्ष दुसरीकडे गुंतलं, धीर आला, की तो मंदावतो. म्हणजे दुखणं खोटं नसतं, आणि आरामही खोटा नसतो.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न मेमोरियल हॉस्पिटलमधला २००६ सालचा अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. पन्नास प्रौढ कर्करुग्णांनी एक तासाचं सत्र घेतलं. आधी आणि नंतर नोंदलेल्या नऊ लक्षणांपैकी आठ कमी झाली. त्यांत वेदना होती, थकवाही होता. मळमळ मात्र हटली नाही. हे रुग्ण प्रौढ होते आणि आराम मोजला तो सत्र संपल्या संपल्या, हे ध्यानात ठेवायला हवं. म्हणूनच सत्रापूर्वी आणि सत्रानंतर शून्य ते दहा या मोजपट्टीवर वेदनेचा आकडा विचारून केसपेपरवर लिहावा. आकडा उतरला नाही तर औषधाचा फेरविचार व्हावा. ‘चित्र काढतेय म्हणजे बरी आहे’ असं समजून डोस लांबवणं हा मुलीवर अन्याय आहे.

तुमच्या घरचं मूल रुग्णालयात असेल तर प्रशिक्षित थेरपिस्ट आहे का, ते जरूर विचारा. नसेल तर सिस्टरना विचारून तेलखडू आणि कोरे कागद खाटेजवळ ठेवा. ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका, ‘याबद्दल सांगशील?’ असं विचारा. काळ्या रंगाचा अर्थ लावू नका. चित्र त्याला न विचारता फोनवर पाठवू नका. आणि कागदावर दुखण्याची नवी जागा दिसली, तर तो कागद त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.