पदाचे दोन कर्ते

कोल्हापूरजवळ शिरोली येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथे ओतकामाचे अनेक कारखाने आहेत; लोक त्यांना फौंड्री म्हणतात. ओतकामात वाळूचा साचा आधी तयार करावा लागतो आणि मग वितळलेले लोखंड त्यात ओतावयाचे असते. धातू कितीही उत्तम असला, तरी साच्यावाचून त्याला आकार येत नाही. मराठी संगीत नाटकांतील पदे पुष्कळ काळ अशाच रीतीने रचली जात. चाल हा साचा आणि शब्द हा त्यात ओतलेला रस.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. त्यात पदांची नुसती रेलचेल होती. साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावण्या, कर्नाटकातील गाणी अशा लोकांच्या कानांत आधीच बसलेल्या चाली अण्णासाहेबांनी निवडल्या व त्यांत आपले शब्द बसविले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. तालात सम जेथे येते तेथे अर्थाचा महत्त्वाचा शब्द यावा लागतो. सूर जेथे लांबवावयाचा तेथे दीर्घ स्वर लागतो. ऱ्हस्व अक्षरावर गायकाने तान घेतली, तर शब्दाचा चेहराच बदलून जातो.

नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे छापून त्यापुढे मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देण्याची रीत होती. गाणाऱ्याला तेवढी खूण पुरत असे. परंतु ती चाल मुळात कोणी बांधली, याचा उल्लेख बहुधा नसे. पदे लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर झळके, आणि चालीचा कर्ता मात्र अनामिक राही.

फ्रान्स देशात नेमकी उलट स्थिती होती. तेथील सरकारने १८०३ साली तरुण संगीतकारांसाठी एक स्पर्धा सुरू केली. तिच्या बक्षिसाला ‘रोमचे पारितोषिक’ म्हणत, कारण विजेत्याला सरकारी खर्चाने रोम येथे पाठविले जाई. स्पर्धकाचे वय तिशीच्या आत असावे लागे. अखेरच्या फेरीत सर्वांना एकच काव्य देत, आणि मग प्रत्येकाला कित्येक दिवस वेगळ्या खोलीत बंद करून त्यावर संगीत रचावयास लावीत. म्हणजे येथे शब्द हाच साचा! १९१३ साली लिली बुलांजे ही एकोणीस वर्षांची मुलगी ही स्पर्धा जिंकली. संगीतासाठी हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण ज्या काव्यावर तिने संगीत रचले, ते लिहिणाऱ्या युजेन अदेनिसची आठवण फारशी कोणाला नाही. १९६८ सालानंतर हे पारितोषिक बंद झाले.

दोघांचीही कदर करावी, असे वाटणारा एक मनुष्य तेथे होता. त्याचे नाव रोसिनी. हा मूळचा इटलीचा. ज्यांत संवादही गाऊन म्हटले जातात अशी ऑपेरा नावाची संगीत नाटके लिहून तो युरोपभर गाजला, आणि सदतिसाव्या वर्षी, कीर्ती ऐन भरात असताना, त्याने ऑपेरा लिहिणे सोडून दिले. १८६८ साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. आपल्या मृत्युपत्रात त्याने फ्रान्समधील कलावंतांसाठी दोन वार्षिक बक्षिसे ठेविली होती. एक संगीतकाराला, तीन हजार फ्रँकचे. दुसरे शब्द लिहिणाऱ्याला, तेही तीन हजार फ्रँकचेच. संगीतकाराने सुरावटीच्या गोडव्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हल्ली तिची उपेक्षा होते, अशी त्याची अट होती; आणि शब्द संगीताला पूर्णपणे साजेसे व नीतीला धरून असावेत, अशी दुसरी. १८७८ साली त्याची पत्नी निवर्तल्यावर ही योजना अमलात आली. आधी शब्दांची स्पर्धा होई, आणि पसंत ठरलेल्या काव्यावर मग संगीताची. ग्रांव्हाल नावाच्या एका स्त्रीने आरंभीच्या काळातच हे बक्षीस मिळविले. रोसिनीच्या इतर अटींबद्दल मतभेद होऊ शकेल. पण दोन्ही बक्षिसांची रक्कम त्याने सारखी ठेविली, यात त्याची समज दिसते.

महाराष्ट्रात असे बक्षीस नव्हते; येथे चालीच्या कर्त्याला मान मिळाला तो प्रत्यक्ष रंगभूमीवर. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ हे नाटक केले. पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणात वाढलेले, हार्मोनियमवादनात निष्णात. भास्करबुवा बखले आणि कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्या गायनाचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. ‘मानापमान’ आले तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. म्हणजे रोमच्या पारितोषिकाला ते वयाने पात्र ठरले असते. त्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील चिजांचे व ठुमरीचे ढंग रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ते घरोघर पोहोचले. साचा आधी व शब्द मागून, ही पद्धत बरीचशी तशीच राहिली. परंतु साचा करणारा आता पडद्याआड उरला नाही. नाटकासाठी स्वतंत्र संगीतकार नेमण्याची प्रथा येथून रुळली. १९१६ साली खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ला स्वतः भास्करबुवांनी चाली दिल्या. पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा संगीत टेंब्यांचेच होते, आणि राजा हरिश्चंद्राच्या वेषात पडद्यावर गाताना प्रेक्षकांना दिसले तेही तेच.